जुन्या दुखण्यावर नवा ताप

२०२० च्या मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्याचे नाव देशभरच्या बातम्यांत येत होते. कोरोनाचे निदान झालेल्या रुग्णांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण तेव्हा देशात तीन टक्क्यांच्या आसपास होते. जळगावात ते दहा-बारा टक्क्यांच्या घरात गेले होते. मार्चअखेरीस शहरातल्या मेहरूण भागात पहिला रुग्ण सापडला. पुढे अमळनेर, भुसावळ, रावेर असे करत साथ जिल्हाभर पसरली. जूनमध्ये जिल्हाधिकारी बदलले गेले. या काळात प्रशासनाकडून एक स्पष्टीकरण वारंवार ऐकू येत होते. दगावलेल्यांपैकी बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे होते, त्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे काही ना काही आधीपासून होते, आणि ते दवाखान्यात फार उशिरा आले, असे ते स्पष्टीकरण.

त्यात तथ्य होते, पण अर्धेच. सुरुवातीला तपासण्याच कमी होत होत्या, घशातले नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत, अहवाल यायला दिवस जात. सौम्य रुग्ण मोजलेच जात नसतील आणि अत्यवस्थ रुग्ण तेवढे मोजले जात असतील, तर टक्केवारी फुगणारच. रुग्णालयातल्या गंभीर त्रुटीही त्याच जूनमध्ये उघड झाल्या. पुढे तपासण्या वाढल्या, लोक लवकर सापडू लागले, उपचार सुधारले, तसे हे प्रमाण उतरत गेले. माणसांना आधीपासून असलेले आजार मात्र जूनमध्ये जेवढे होते तेवढेच डिसेंबरातही होते. मग मृत्यू कमी झाले ते कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर कोरोनाच नव्हे, दरवर्षी येणाऱ्या फ्लू आणि डेंग्यूच्या वेळीही ते उपयोगी पडते.

जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर, आणि भरताच्या वांग्यांमुळे खानदेशात घरोघरी माहीत असलेले गाव. इथे काय किंवा शेजारच्या भादली-ममुराबादला काय, घरात एखाद्याची शुगरची गोळी चालू असणे, एखाद्याला बीपी असणे, ही आता सांगण्यासारखी बातमी राहिलेली नाही. गोळी चालू आहे म्हणजे माणूस ठीक आहे, शेतात जातो आहे, लग्नकार्यात फिरतो आहे. एरवी ते खरेही असते. विषाणूचा ताप आला की मात्र हा शांत बसलेला आजार वेगळा वागू लागतो. तो कसा वागतो, ते आधी पाहू.

कोणता आजार किती धोका वाढवतो याचा एक फार मोठा हिशेब कोरोनाच्या पहिल्या लाटेत इंग्लंडमध्ये झाला. तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेत प्रत्येक माणसाची नोंद संगणकावर असते. अशा एक कोटी बहात्तर लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी, नावे झाकून, संशोधकांनी तपासल्या आणि जुलै २०२० मध्ये निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सर्वांत मोठा धोका वयाचा निघाला. पन्नाशीतल्या माणसाच्या तुलनेत ऐंशीच्या पुढच्या माणसाचा मृत्यूचा धोका वीसपट होता. वयाच्या खालोखाल जुने आजार येतात. मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता फार घटलेल्यांचा धोका सुमारे अडीचपट, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचा साडेतीनपट, अतिस्थूल माणसांचा जवळजवळ दुप्पट.

मधुमेहाबद्दलची त्यातली नोंद प्रत्येक मधुमेहीने लक्षात ठेवावी अशी आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. ती साडेसातच्या खाली असलेल्या मधुमेहींचा मृत्यूचा धोका, मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होता. साडेसात किंवा त्याहून वर असलेल्यांचा मात्र ९५ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास दुप्पट. आजार तोच, नाव तेच; पण साखर आटोक्यात असलेला मधुमेही आणि नसलेला मधुमेही यांच्यात एवढे अंतर. ‘मला शुगर आहे, आता माझे काही खरे नाही’ असे म्हणत साथीच्या काळात घाबरून बसलेली माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. या आकड्यांनी त्यांना धीर द्यायला हवा होता. तसे कुणी त्यांना सांगितले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्याच अभ्यासात साधा, औषधाने ताब्यात असलेला दमा मृत्यूचा धोका फारसा वाढवताना दिसला नाही. वय, मधुमेह, मूत्रपिंड वगैरेंचा हिशेब वेगळा काढल्यावर नुसत्या रक्तदाबाचाही वेगळा असा मोठा वाटा उरला नाही. रक्तदाब घातक ठरतो तो मुख्यतः वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहून हृदय आणि मूत्रपिंड खराब करून. म्हणून बीपीची गोळी नियमित घेणारा माणूस ‘मी मोठ्या धोक्यात आहे’ असे धरून चालत असेल, तर ते पूर्ण खरे नाही. गोळी मधेच सोडणारा खरा धोक्यात.

आता शरीरात नेमके काय होते ते पाहू. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची रसायने सोडते. शेजारच्या पेशींना मिळणारी ही धोक्याची पहिली सूचना. तिच्यामुळे विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच रोखली जाते. त्यामागून पांढऱ्या पेशी येतात, आणखी काही दिवसांनी त्या विशिष्ट विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेत यातली जवळजवळ प्रत्येक पायरी बिघडते. पहिली सूचना उशिरा जाते. पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी सावकाश पोहोचतात आणि पोहोचल्यावर जंतू गिळण्याचे त्यांचे काम नीट होत नाही. विषाणूला वाढायला मोकळे दिवस मिळतात.

दुसरीकडे, मधुमेहात आणि पोटावरच्या चरबीत शरीरभर एक मंद दाह कायमच चालू असतो. त्यामुळे उशिरा का होईना प्रतिकार सुरू झाला, की तो प्रमाणाबाहेर जातो. सुरुवातीला कमी आणि नंतर अती, अशी ही गोष्ट आहे. कोरोनात अनेकांची तब्येत पहिल्या आठवड्यात बरी राहून दुसऱ्या आठवड्यात एकदम ढासळली, ती याच अतिरेकामुळे. वर्षानुवर्षे साखरेत राहिलेल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर आधीच खडबडीत झालेले असते. तापात ते आणखी सुजते आणि रक्ताच्या गुठळ्या धरू लागतात.

ताप स्वतःही साखर वाढवतो. आजारपणात शरीर कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके जास्त सोडते, यकृत साखर रक्तात ओतते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. म्हणून दोन दिवस धड जेवलेले नसतानाही मधुमेही माणसाची साखर तीनशेवर गेलेली सापडते. घरच्यांना वाटते, ‘काही खाल्ले नाही तर गोळी कशाला?’ आणि नेमकी त्याच वेळी गोळी किंवा इन्सुलिन बंद होते. तापात इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये; उलट साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. काही गोळ्या उलट्या-जुलाबात किंवा पाणी कमी पडल्यावर थांबवाव्या लागतात, पण त्या कोणत्या हे डॉक्टरांनी ठरवायचे. आपल्याला तापात कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे धडधाकट असतानाच विचारून कागदावर लिहून घेतलेले बरे.

यात स्टेरॉइडची भर पडली की काय होते, ते २०२१ च्या उन्हाळ्यात दिसले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले होते की, डेक्सामेथासोन हे जुने आणि स्वस्त स्टेरॉइड दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ऑक्सिजन लावावा लागलेल्यांनाही फायदा होता. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र फायदा दिसला नव्हता. हा शेवटचा भाग आपल्याकडे वाऱ्यावर गेला. साध्या तापाला, पहिल्याच दिवशी, चिठ्ठीवर स्टेरॉइड येऊ लागले. साखर भडकली आणि मागून काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, आली. २८ जून २०२१ पर्यंत देशात तिचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले, आणि त्यातल्या सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता. डोळे, जबडे आणि जीव गमावलेल्या या माणसांपैकी अनेक जण कोरोनातून बरे होऊन घरी आलेले होते. तापात ‘एका इंजेक्शनात उतार पडला’ असे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी त्या इंजेक्शनात काय होते, एवढे विचारायलाच हवे.

इथे एक अडचण येते. आपल्याला जुना आजार आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाबाचे प्रमाण तर प्रौढांत ३५ टक्क्यांवर आहे. मधुमेह म्हणजे जाड, बसून काम करणाऱ्या शहरी माणसाचा रोग, ही समजूत मात्र गावात अजून घट्ट आहे.

ही समजूत खोडून काढणारे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मतः कमी वजनाच्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र तुलनेने जास्त असल्याचे त्यांना दिसले. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे राहिलेले छायाचित्रच छापले. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचे सारखेच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शेतात राबणारा, हाडकुळा दिसणारा आपला माणूस आतून या दुसऱ्या प्रकारचा असू शकतो. त्याला जाडी नाही म्हणून कुणी शुगर तपासायला सांगत नाही, आणि साथ आली की तापात भरती झाल्यावर पहिल्यांदा कळते की साखर साडेतीनशे आहे. कोरोनात हे असंख्य घरांत घडले.

हृदयाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल बोललेही कमी जाते. फ्लू फुफ्फुसाला होतो, हृदयाला काय, असे वाटते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या आणि पुढे-मागे हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता की, फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका एरवीच्या सहापट असतो. तापात नाडी वाढते, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो, आणि त्याच वेळी फुफ्फुस तो कमी पुरवते. धमनीत साठलेला चरबीचा थर दाहामुळे फुटतो, त्यावर गुठळी धरते. आपल्याकडे म्हातारा माणूस चार दिवस तापात असतो, पाचव्या दिवशी ‘अटॅक आला’ म्हणून जातो, आणि ताप हा त्या झटक्याचा एक दुवा होता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

फुफ्फुस, हृदय, मूत्रपिंड यांच्याजवळ निरोगी वयात गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद राखून ठेवलेली असते. जुना आजार ती राखीव ताकद हळूहळू खातो आणि रोजच्या कामाला पुरेल एवढीच शिल्लक ठेवतो. वैशाखातल्या विहिरीसारखे हे आहे: घरच्या पिण्यापुरते पाणी मिळत राहते म्हणून विहीर बरी वाटते, पण मोटर लावली की दहा मिनिटांत तळ दिसतो. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईच्या फुफ्फुसाचे, किंवा तीस वर्षे बिडी ओढलेल्या माणसाचे असेच असते. त्यांना जिना चढताना दम लागतो, पण ‘वयामुळे’ म्हणून ते सोडून देतात.

डेंग्यूचे गणित आणखी निराळे. पावसाळ्यात आणि त्यानंतर खानदेशात तो दरसाल असतो. त्यात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो: रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब पडतो. अशा वेळी शिरेतून किती सलाईन द्यायचे हे फार मोजून ठरवावे लागते. आणि ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच अशक्त आहे त्याच्या बाबतीत हा काटा फारच बारीक असतो. कमी दिले तर तो शॉकमध्ये जातो, जास्त दिले तर फुफ्फुसात पाणी भरते. म्हणून अशक्तपणा आला की ‘दोन सलाईन लावून टाका’ हा आपल्या गावांतला सरसकट आग्रह अशा रुग्णाला धोक्याचा ठरू शकतो. दुसरे असे की, झटका येऊन गेलेल्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या अनेकांची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना तीच गोळी रक्तस्राव वाढवू शकते. पण स्टेंट नवा असेल तर ती अचानक बंद करणेही घातक. हा निर्णय घरी घेण्यासारखा नाही. तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ‘माझी ही गोळी चालू आहे’ एवढे सांगणे आपल्या हातात आहे. आणि डेंग्यूच्या दिवसांत अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके दुकानातून घेऊन खाऊ नयेत. ती रक्तस्राव आणि मूत्रपिंड या दोन्ही बाबतींत त्रास देतात. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत.

या सगळ्यात सातपुड्याच्या बाजूला असलेला एक आजार मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण जुने दुखणे आणि नवा विषाणू यांची गाठ त्याच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. नंदुरबार, धुळ्याचा शिरपूर भाग, जळगावचे चोपडा, यावल, रावेर तालुके, इथल्या भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांत सिकलसेल आढळतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मोडतात. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, या मुलाची जेमतेम दहा ते वीस दिवस. त्याचे शरीर मग दिवसरात्र नव्या पेशी घडवत राहते आणि सात-आठ ग्रॅम हिमोग्लोबिनवर तग धरते. मूल शाळेत जाते, खेळते.

आणि मग येतो पार्व्होव्हायरस बी-१९. लंडनमध्ये १९७५ साली यव्होन कोसार्ट यांना तो रक्ताचे नमुने तपासताना अचानक सापडला. नमुन्याचा ‘बी’ गट आणि १९ हा क्रमांक, तेच त्याचे नाव झाले. निरोगी मुलांना त्याने थोडा ताप येतो, गालावर लाली येते, कधी तेही होत नाही. पण हा विषाणू राहतो तो अस्थिमज्जेतल्या, तांबड्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशींमध्ये. आठ-दहा दिवस तो त्यांचे काम बंद पाडतो. ज्याच्या पेशी १२० दिवस टिकतात त्याला आठ दिवसांची ही बंदी जाणवतही नाही. ज्याच्या पेशी पंधरा दिवसच टिकतात, त्याचे निम्मे रक्त त्या आठवड्यात संपते. मूल पांढरेफटक पडते, धापा टाकते, आणि वेळेवर रक्त मिळाले नाही तर हृदय थकून दगावते. रक्त मिळाले तर आठवड्याभरात त्याची मज्जा पुन्हा कामाला लागते, आणि बहुधा आयुष्यात त्याला हा विषाणू पुन्हा त्रास देत नाही. विषाणूचा हा संबंध लंडन आणि जमैकातल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये दाखवून दिला. त्याआधी अशा मुलांचे अचानक पांढरे पडणे हे कोडेच होते.

सर्व काही वेळेवर अवलंबून असलेला हा आजार आहे. पाड्यावरच्या आईला मुलाच्या पापणीची आतली बाजू पाहून ती फिकी पडल्याचे ओळखता आले, आणि चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचता आले, तर मूल वाचते. महाराष्ट्रात सिकलसेलच्या तपासणीचा कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासून निदानाचे रंगीत कार्ड हातात देणे हे पहिले काम झाले. तापात आणि फिकेपणात काय करायचे हे त्या आईला तिच्या बोलीत समजावून सांगणे हे दुसरे काम, आणि ते आशाताईंशिवाय कुणी करू शकत नाही.

जुन्या काळात हे सगळे नव्हते, साथी तेवढ्या होत्या, असे कुणाला वाटेल. १९१८ च्या मानमोडी तापात, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीत, भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली, आणि मुंबई इलाखा सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी होता. त्याच साली पावसाने दगा दिला होता, धान्य कडाडले होते. मधुमेह तेव्हा खेड्यात क्वचित. पण हिवताप, कृमी, रक्तक्षय आणि मुख्य म्हणजे उपासमार हेच त्या काळचे जुने दुखणे होते. मुंबई शहराची त्या साथीची आकडेवारी जातवार उपलब्ध आहे. युरोपियनांमध्ये हजारी ८.३ मृत्यू झाले, पारशांमध्ये ९, आणि ज्यांना तेव्हाच्या सरकारी कागदांत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. विषाणू सगळ्यांना एकच होता. कोणाच्या अंगात किती बळ शिल्लक होते आणि आजारपणात कोणाला कोण पाणी पाजणार होते, यात फरक होता.

म्हणून ‘त्यांना आधीचे आजार होते’ हे वाक्य मृत्यूचे कारण म्हणून पुरेसे नाही, असे मला ठामपणे वाटते. साठ वर्षांचा, शुगर असलेला शेतकरी कोरोनाने गेला तेव्हा तो मधुमेहाने मरायला टेकलेला नव्हता. त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षे होती. आधीचा आजार असणे ही माहिती आहे, आणि ती मिळाल्यावर यंत्रणेने त्या माणसाकडे सर्वांत आधी पोहोचायचे असते. महाराष्ट्राने ते केलेही. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायू मोजू लागले, कोणाला कोणता आजार आहे याच्या याद्या करू लागले. पुढे १ मार्च २०२१ पासून लस खुली झाली ती साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या, ठरावीक वीस आजारांपैकी एखादा असलेल्यांना. जळगावात डिसेंबरपर्यंत चित्र पालटले, त्यामागे लवकर सापडणे आणि लवकर उपचार होणे हाच मोठा भाग होता. माणसे तीच, आजार तेच. मधला वेळ कमी झाला.

त्या याद्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आता विचारायला हवा. साथ ओसरल्यावर त्या कपाटात जाऊन चालणार नाही. कोणाची साखर आटोक्यात नाही, कोण डायलिसिसवर आहे, कोणत्या घरात सिकलसेलचे मूल आहे, हे प्रत्येक उपकेंद्राला पाठ असले पाहिजे, कारण पुढचा विषाणू कोणता येईल हे सांगता येत नसले तरी तो आधी कोणाला गाठेल हे सांगता येते.

आपल्या हातातल्या गोष्टी साध्या आहेत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि मधुमेही, हृदयरोगी, दमेकरी, गरोदर स्त्रिया यांनी ती पावसाळ्याआधी घ्यावी. महाराष्ट्रात अतिजोखमीच्या गटांसाठी ती सरकारी रुग्णालयांत मोफत देण्याचे धोरण २०१५ पासून आहे. मागणी केली तरच ती मिळते. २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर स्त्रिया आणि स्थूल माणसे जास्त दगावली होती, तेव्हा गरोदर सुनेला लस नको म्हणणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. घरात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनापासून पडून असेल तर त्याचे सेल बदलून ठेवावेत. प्राणवायू ९४ च्या खाली दिसला तर घरी थांबू नये. आधीचा आजार असलेल्या माणसाचा ताप दोन दिवसांहून जास्त ‘अंगावर काढायचा’ नाही. कापूस वेचणी तोंडावर असली तरी नाही, केळीचा घड कापायला आला असला तरी नाही. धाप लागणे, छातीत दाटणे, लघवी कमी होणे, बोलण्यात भ्रम वाटणे यांपैकी काही दिसले तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नये.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात विनामूल्य तपासला जातो, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार निःशुल्क आहेत. असोद्यात असा, भुसावळात किंवा साक्रीत. घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या, ‘मला काय झालंय?’ म्हणणाऱ्या माणसाला या आठवड्यात सोबत घेऊन जा आणि त्याची शुगर तपासून या. आईला तर आधी न्या. ती स्वतःहून कधीच जाणार नाही.